3.73 आणि 3.92 यांच्या मधली रेघ

क्राउन-पिनियनचा नवा सेट, म्हणजे इंजिनचा जोर अॅक्सलमध्ये चाकांकडे वळवणारं मोठं दातेरी चाक (क्राउन) आणि त्याला फिरवणारा छोटा गियर (पिनियन), पेटीतून निघतो, तेलकट कागदात गुंडाळलेला. जुना क्राउन उतरतो, दहा बोल्टांची भोकं नव्याशी तंतोतंत जुळतात, आटे नीट धरतात. सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. मग कॅरियर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा, हाउसिंगमध्ये, म्हणजे अॅक्सलच्या ओतीव पेटीत, बसवायला जावं तर दोनपैकी एक गोष्ट होते. क्राउन पिनियनपर्यंत पोचतच नाही, नाहीतर दात दातावर चढतात आणि बेअरिंगच्या कॅपा लागत नाहीत. दुकानदाराला फोन जातो, सेट खराब दिला म्हणून. बहुतेक वेळा सेटमध्ये काहीच खोट नसते. तो सेट ज्या कॅरियरवर बसतो तो कॅरियरच या गाडीत नसतो.

ही भानगड समजून घ्यायला डेना 44 इतका चांगला अॅक्सल नाही. अमेरिकन जीप आणि पिकअपच्या कित्येक पिढ्या यावर चालल्या. विलीजची सीजे-3बी, जी महिंद्राने परवान्याखाली पुढे अनेक वर्षं इथे बनवली, तिच्या मागेही डेना 44 आणि 5.38 चा रेशो, म्हणजे पिनियनच्या 5.38 फेऱ्यांना क्राउनचा एक फेरा. क्राउनचा व्यास साडेआठ इंच, मागचं झाकण दहा बोल्टांचं, आणि हाउसिंगवर बहुतेकदा 44 हा आकडा ओतीवातच उठलेला.

आता कारण. पिनियनचा आस हाउसिंगमध्ये पक्का आहे, तो सरकत नाही. क्राउनचा बाहेरचा व्यासही सगळ्या रेशोंना जवळपास तोच. बदलतं ते पिनियनचं डोकं. 3.07 च्या सेटमध्ये क्राउनला 46 आणि पिनियनला 15 दात, म्हणजे पिनियनचं डोकं चांगलं गलेलठ्ठ. 5.38 मध्ये 43 आणि 8, तिथे पिनियन अगदी हडकुळा. पिनियन जाड असला की क्राउनला त्याच्या आसापासून लांब बसावं लागतं. बारीक असला की जवळ यावं लागतं. थोडाफार फरक क्राउनची जाडी कमी-जास्त करून भरून निघतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ती संपली की कारखाना कॅरियरचा फ्लँज, म्हणजे क्राउन ज्यावर बोल्टने बसतो ती कड, सरकवून दुसरा कॅरियर बनवतो. डेना 44 मध्ये ही रेघ 3.73 आणि 3.92 यांच्या मध्ये आहे. 3.73 आणि त्याखालच्या आकड्यांना एक कॅरियर, 3.92 आणि त्यावरच्यांना दुसरा. दोन्ही फ्लँजच्या जागेतला फरक शिम (जागा भरायची पातळ चकती) घालून भरण्यातला नाही, शिमचं काम काही थाऊंचं असतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पाव मिलिमीटरला दहा थाऊ.

प्रत्येक अॅक्सलची रेघ वेगळी, आणि इथेच फसगत होते. डेना 30 ची रेघ 3.54 आणि 3.73 यांच्या मध्ये. डेना 60 ची 4.10 आणि 4.56 यांच्या मध्ये. जीएमच्या बारा बोल्टी कार अॅक्सलला तर तीन कॅरियर लागतात: 2.73 पर्यंत एक, मधल्या तीनच्या घरातल्या रेशोंना दुसरा, आणि 3.90 पासून पुढे तिसरा. फोर्डचा 8.8 इंची आणि प्रसिद्ध 9 इंची या दोघांत अशी रेघच नाही, म्हणून रेशो बदलणाऱ्यांना ते आवडतात.

डेना 30 पुढे आणि डेना 44 मागे अशी जीप घ्या. 3.54 वरून 3.73 ला जायचं तर मागचा कॅरियर तसाच चालतो, पुढचा बदलावा लागतो. 3.73 वरून 4.10 ला जायचं तर नेमकं उलट: पुढचा चालतो, मागचा बदलावा लागतो. दोन्ही अॅक्सलना एकच नियम लावून सामान मागवलं की एक कॅरियर कमी पडलाच म्हणून समजा.

अमेरिकेत लोक मोठे टायर घालतात म्हणून रेशोचा आकडा वाढवतात, 3.07 वरून 4.56 वगैरे. आपल्याकडे जुन्या जीपवाल्यांची गरज उलटी. 5.38 चा रेशो शेतात आणि घाटात राजा, पण महामार्गावर इंजिन ओरडत राहतं. हिशेब साधा आहे. 6.00-16 टायरचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच, म्हणजे परीघ सव्वादोन मीटरच्या थोडा वर. ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 586 फेरे घेतं. टॉप गियर एकास एक असेल तर 5.38 ला इंजिन 3150 च्या आसपास फिरतं. 4.27 ला 2500. 3.73 ला जेमतेम 2185. आकडे पाहिले की सगळ्यांचं मन 3.73 वर जडतं.

जरा थांबा. 5.38 रेघेच्या वर, 3.73 रेघेच्या खाली. क्राउन-पिनियन बदलून भागत नाही, कॅरियरही बदलावा लागतो. 4.27 मात्र 5.38 च्याच बाजूला आहे. त्याचा सेट आहे त्याच कॅरियरवर बसतो. कॅरियर, त्याचे सन गियर (शाफ्टच्या टोकावर बसणारे आतले गियर), कधीकधी अॅक्सल शाफ्टसुद्धा, हा सगळा खर्च वाचतो. शिवाय 5.38 वरून 3.73 केल्यावर चाकावरचा जोर 31 टक्के घटतो. घाटात भरल्या गाडीने पहिल्या गियरमध्ये उचल घेताना तो फरक क्लचला जाणवतो. 4.27 ला तोच तोटा 20 टक्क्यांच्या आसपास राहतो. डिझेल इंजिन आणि पाच गियरचा बॉक्स बसवलेला असेल तर पाचव्या गियरने उरलेली कसर निघते, तेव्हा 3.73 चा हट्ट कशाला? चार गियरचा बॉक्स आणि रोजचा महामार्ग असेल तर गोष्ट वेगळी.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी एक सोय आहे. 3.73 आणि खालचा कॅरियर ठेवून 3.92 च्या वरचा रेशो हवा असेल तर जाड क्राउनचे सेट मिळतात. फ्लँज लांब असला तरी क्राउनच जाड केल्याने दात पिनियनपर्यंत पोचतात. पण 3.92 आणि वरच्या कॅरियरवर 3.73 बसवण्यासाठी पातळ क्राउन असा काही प्रकार नाही. तिथे कापायला जागाच उरत नाही. म्हणून 5.38 च्या जीपला ही पळवाट बंद.

काही जण फ्लँज आणि क्राउनच्या मध्ये गोल स्पेसर घालून लांब बोल्ट वापरतात. तेही फक्त एकाच दिशेने चालतं, आणि मला ते पटत नाही. क्राउन डुलू नये म्हणून एक पृष्ठभाग नीट बसवण्याची मारामार असते, स्पेसरने ते दोन होतात. त्यात बोल्टवर वाकवणारा ताण वाढतो. जाड क्राउन मिळत असेल तर स्पेसरकडे बघूही नये.

सी-क्लिपवाल्या, म्हणजे शाफ्ट आतून सी आकाराच्या क्लिपने अडकवलेल्या, अॅक्सलमध्ये जाड क्राउनचा एक त्रास असतो. अॅक्सल शाफ्ट काढायला मधली स्टारची (सन गियरांमधल्या छोट्या गियरांची) पिन बाहेर ओढावी लागते, आणि जाड क्राउन तिच्या वाटेत येतो. जीएमच्या अॅक्सलमध्ये हे नेहमी होतं. खाच पाडलेली पिन मिळते, ती वापरायची. नाहीतर क्राउनच्या एका दाताची कड थोडी घासावी लागते, आणि ते काम बसवण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. जीएमच्या 8.5 इंची अॅक्सलला क्राउनचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात हेही लक्षात असू द्या. ब्रेकर बारने सुलट्या दिशेला जोर लावून बोल्ट मोडलेले क्राउन भंगारात भरपूर सापडतात.

आता खरेदीच्या आधी स्वतःच्या गाडीत काय आहे ते पाहायचं. पन्नास वर्षांच्या जीपमध्ये कागदावरचा रेशो असेलच याची हमी कुणी देऊ नये. एक मागचं चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर, बाकीच्या चाकांना दगड. गियर न्यूट्रल. या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो, तो सोडलेला हवा, नाहीतर काहीच फिरणार नाही. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. एकच चाक फिरत असेल तर क्राउनच्या एका फेऱ्याला चाकाचे दोन फेरे लागतात. चाकाचे वीस फेरे द्या आणि शाफ्टचे मोजा. साधारण 54 आले तर 5.38, त्रेचाळीसच्या जवळ आले तर 4.27, 37 आणि वर पाव तर 3.73, एकोणचाळीसला थोडं वर तर 3.92. एका फेऱ्यात 3.73 आणि 3.92 ओळखणं अवघड, म्हणून वीस.

झाकण उघडल्यावर क्राउनच्या कडेवर दातांचे आकडे कोरलेले असतात, 43 आणि 8 असे. कॅरियरची ओळख मात्र मापाने पटवावी: बेअरिंग ज्या खांद्याला टेकतं तिथून क्राउनच्या फ्लँजपर्यंतचं अंतर. नवा कॅरियर घेताना तो आणि जुना दोन्ही सपाट टेबलावर उभे करून उंची मापकाने हेच अंतर मोजा. पेटीवरचा कागद काहीही म्हणो. 2007 पासूनच्या जीप रँग्लर जेकेच्या मागच्या अॅक्सललाही डेना 44 म्हणतात, पण त्याचं क्राउन-पिनियन या जुन्या घराण्यात बसत नाही. नाव एक, कूळ वेगळं.

कॅरियर बदलला की अॅक्सल शाफ्टचे खाचे मोजा. जुन्या जीपच्या शाफ्टला 10 किंवा 19 खाचे, नंतरच्या गाड्यांना 30. सन गियर कॅरियरबरोबर येतात, आणि 30 खाच्यांच्या सन गियरमध्ये 19 चा शाफ्ट काही बसणार नाही. विलीज घराण्यातल्या शंकूच्या टोकाच्या शाफ्टांना आणखी एक भाग असतो जो नव्या कॅरियरमध्ये हमखास विसरला जातो. दोन्ही शाफ्टांची आतली टोकं एका स्पेसर ठोकळ्याला टेकतात, आणि शाफ्टचा आडवा खेळ चाकाकडच्या शिमनी ठरवलेला असतो. ठोकळा राहिला तर वळणावर शाफ्ट आतबाहेर सरकतो आणि चाकाकडचं बेअरिंग खाल्लं जातं. हब काढायला पुलर लागतोच. शाफ्टच्या टोकावर घण मारला की धक्का सरळ त्याच ठोकळ्यावर जातो.

जोडणी सुरू करण्याआधी दोन कामं. बेअरिंगच्या कॅपांवर आणि हाउसिंगवर पंच मारून खुणा करा, कारण कॅपा हाउसिंगबरोबरच मशीन केलेल्या असतात, डावी उजवीकडे गेली तर बेअरिंग कधीच गोल बसणार नाही. आणि जुनी बेअरिंग फेकू नका. कॅरियरच्या जुन्या बेअरिंगचा आतला व्यास एमरीने थोडा मोठा करा, म्हणजे हाताने सरकेल. पिनियनच्या आतल्या बेअरिंगची जुनी बाहेरची रिंगही बाहेरून थोडी घासा. जुन्या डेना 44 मध्ये पिनियनची खोली ठरवणारे शिम हाउसिंगमध्ये याच रिंगच्या मागे असतात, आणि कॅरियरचे शिम बेअरिंगच्या मागे. प्रत्येक फेरीला ठोकून काढण्यापेक्षा ही ढिली बेअरिंग लावून सगळी मापं घ्या, मग शेवटी नवी घाला. हे न केल्यास चार फेऱ्यांनंतर कंटाळून माणूस म्हणतो, चालेल एवढं. ते चालत नाही.

क्राउन बसवताना फ्लँजवरचे बुरे तेलाच्या दगडाने साफ करा. सुईच्या टोकाएवढा कचराही क्राउनला डुलवतो. क्राउन उकळत्या पाण्यात गरम करून कोरडा करून टाका, म्हणजे आपसूक खाली बसतो. थंड क्राउन बोल्टने ओढत बसवला की तिरका जातो. बोल्ट नवे, आट्यांवर लाल लॉकटाइट, आणि समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळणी. 3/8 इंची बोल्टांना शेवटचा टॉर्क 55 फूट-पौंड, म्हणजे 75 न्यूटन मीटर. मग डायल गेजने क्राउनच्या पाठीची धाव, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, बघा. दोन ते तीन थाऊंपेक्षा जास्त आली तर आत्ताच उघडा.

पिनियनच्या डोक्यावर दोन खुणा कोरलेल्या असतात. एक जोडीचा नंबर, तो क्राउनवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे, दोन सेटचे तुकडे एकत्र करून आवाज न करणारी जोडी होत नाही. दुसरी खूण म्हणजे +2, -1 असा छोटा आकडा, थाऊंमध्ये. जुना पिनियन +2 आणि नवा -2 असेल तर खोलीच्या शिममध्ये चार थाऊ वाढवायचे. अधिकचा पिनियन क्राउनच्या मध्यापासून थोडा लांब हवा म्हणून त्याला शिम कमी, उणेच्याला जास्त. ही फक्त सुरुवात. शेवटचा निकाल रंगाच्या छापावर.

पिनियनचं नट 200 ते 220 फूट-पौंड, म्हणजे 270 ते 300 न्यूटन मीटर. कॅरियर नसताना, नवी बेअरिंग तेल लावून, पिनियन फिरवायला 20 ते 40 इंच-पौंड लागले पाहिजेत. जुनीच बेअरिंग ठेवली तर त्याच्या निम्मे. इथे इंच-पौंडाचा रेंच हवा. हाताला घट्ट वाटतं म्हणजे बरोबर, हा अंदाज खोटा ठरतो. सैल राहिलं तर ओझ्याखाली पिनियन मागे सरकतो आणि गाडी खेचताना घूं घूं करते.

कॅरियरला शिम घालून आडवा खेळ शून्य करा. शून्य खेळाला जे शिम लागले त्यावर एकूण 15 थाऊ वाढवले की प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा नेमका दाब, मिळतो. शेवटचा शिम बसवायला हाउसिंग ताणणारा स्प्रेडर असेल तर उत्तम, पण 20 थाऊंपेक्षा जास्त ताणू नका, ओतीव परत येत नाही. बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांमधला मोकळा खेळ, 6 ते 10 थाऊ. क्राउनभोवती निदान चार ठिकाणी मोजा, कुठेही तीन थाऊंपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर फ्लँज किंवा क्राउन डुलतोय. बॅकलॅश बदलताना एका बाजूचा शिम काढून दुसरीकडे घाला, एकूण जाडी तीच ठेवा. दहा थाऊंची अदलाबदल केली की बॅकलॅश साधारण सात थाऊंनी बदलतो.

मग रंग. क्राउनच्या तीन-चार दातांवर पिवळी मार्किंग पेस्ट पातळ लावा, पिनियनला फडक्याने अडवून क्राउन पुढे-मागे फिरवा. दाताच्या बाहेर फुगलेल्या बाजूवर खेचण्याचा छाप, आत वळलेल्या बाजूवर सोडण्याचा. छाप दाताच्या उंचीच्या मध्यात हवा. मुळाशी गेला असेल तर पिनियन जास्त आत गेलाय, शिम कमी करा. टोकाकडे चढला असेल तर वाढवा. सुरुवातीला पाच थाऊंच्या उड्या, जवळ आल्यावर दोनच्या. छाप दाताच्या लांबीत आत किंवा बाहेर सरकलेला दिसला म्हणून घाबरू नका, तो बहुतेक बॅकलॅशने हलतो. उंचीतली चूक मात्र बॅकलॅशने कधी झाकू नये. तसं झाकलेली जोडी पहिल्या हजार किलोमीटरात शांत असते आणि नंतर रडते.

आवाजावरून दोष ओळखता येतो. फक्त खेचताना रडत असेल तर पिनियनची खोली किंवा सैल प्रीलोड. फक्त अॅक्सिलरेटर सोडल्यावर येत असेल तर छाप सोडण्याच्या बाजूला चुकलाय. वळणावर घरघर म्हणजे कॅरियरची बेअरिंग किंवा सन-स्टार.

एवढं झाल्यावर पुढच्या अॅक्सलचा हिशेब. मागे 4.27 आणि पुढे 5.38 ठेवून फोर बाय फोर लावला तर कोरड्या रस्त्यावर शंभर मीटरमध्ये ट्रान्सफर केस अडकते, आणि जोर तिथे निघतो जिथे सगळ्यात कमजोर सुटा भाग आहे. पुढचा बदलेपर्यंत फोर बाय फोरच्या लिव्हरला हात लावू नका. 4.09 मागे आणि 4.10 पुढे चालतो, तो फरक टायरच्या हवेत जातो.

स्पीडोमीटरला विसरू नका. या जीपमध्ये त्याची केबल ट्रान्सफर केसवरून येते, म्हणजे अॅक्सलच्या आधी. 5.38 वरून 3.73 केल्यावर गाडी 80 ला असताना काटा 55 च्या वर थोडा दिसेल. काट्यावर भरवसा ठेवून घाटातल्या वळणाला शिरणं चांगलं नाही. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून डायलवर खूण करा, नाहीतर स्पीडोचा छोटा गियर बदला.

तेल जीएल-5, 80डब्ल्यू-90, फिलरच्या तोंडापर्यंत, गाडी सपाट जागी. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर हलक्या पायाने चालवा, मग अर्धा तास उभी करा. हाउसिंग हात लागणार नाही इतकं तापलं असेल तर घाबरायचं कारण नाही, पण तेल जळल्याचा वास आला तर प्रीलोड जास्त बसलाय. पहिले आठशे किलोमीटर ट्रॉली ओढायची नाही, एका लयीत तासन्‌तास पळवायची नाही. नंतर तेल गरम असतानाच सोडा आणि चुंबकाला काय चिकटलंय ते बोटावर घेऊन चोळा. राखेसारखी बारीक पूड असेल तर ठीक. बोटाला टोचणारा एखादा तुकडा असेल तर झाकण पुन्हा उघडा.